‘नाही’ची उडी

गोकुळदास मास्तरांना अख्ख्या डिचोलीत ‘नॉट-मास्तर’ म्हणत, आणि गंमत अशी की मास्तरांना त्याचा राग येत नसे. उलट मनातून गुदगुल्याच व्हायच्या. मूळचे ते पेडण्याकडचे, कोरगावचे. डिचोलीत भाड्याच्या घरात राहून बावीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. दर वर्षी नववीच्या वर्गाला ते एक गोष्ट अशी घोटून पाजत की पोरं झोपेतसुद्धा बडबडत.

‘‘तो येणार नाही, असं मला वाटतं. करा इंग्रजी!’’

पोरं बिचारी सरळ मनाची. ‘‘आय थिंक ही विल नॉट कम, सर.’’

की मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतलाच. ‘‘शाबास! साहेबानं ऐकलं असतं तर पहिल्या बोटीनं परत गेला असता. अरे, मराठीचा ‘नाही’ आपला आळशी. वाक्याच्या शेवटी पाय पसरून बसतो. इंग्रजीचा ‘नाही’ तसा नव्हे. तो उडी मारून पुढं येतो. आय डोन्ट थिंक ही विल कम! मागचा ‘नाही’ उचलायचा आणि पुढच्या क्रियापदाला चिकटवायचा. कळलं?’’ असं म्हणून पन्नाशीला टेकलेला हा गृहस्थ फळ्यापुढे खरोखरच एक छोटीशी उडी मारून दाखवायचा. वर्ग हसायचा, पण नियम डोक्यात बसायचा. मास्तरांची पोरं बोर्डात इंग्रजीला मार्क घ्यायची ती या उडीच्या जोरावर, असं मास्तर स्वतःच सांगत.

याच उडीनं एका माणसाला तुरुंगात घातलं. ते कसं, ते सांगायचं आहे.

झालं ते सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीत, शिरगावच्या अंगाला असलेल्या एका खाणीवर. खाणीचं नाव घेऊन काही उपयोग नाही. मिनेराचा, म्हणजे कच्च्या लोखंडी मातीचा ढीग, त्याला पाठ लावत येणारे ट्रक, आणि पाटीनं माती ओढणाऱ्या बायका. ट्रक मागं घेताना डायवरला मागचं दिसत नाही, म्हणून ढिगापाशी एक माणूस लाल बावटा घेऊन उभा असे. ट्रकमागं कोणी आलं की त्यानं बावटा वर करायचा, डायवरनं आरशात बघून ब्रेक मारायचा. बावटा खाली असला तर बेधडक यायचं. एवढा साधा कायदा. त्या दिवशी बावट्यावर होता नारायण, कंपनीचा जुना माणूस. ट्रकवर होता दत्ताराम, सिंधुदुर्गातून पोटासाठी आलेला, तीन वर्षांत गाडीला साधा ओरखडा न काढलेला. ट्रक मागं आला आणि पाटी घेऊन चाललेली कमलाक्षी चाकाखाली गेली. जागच्या जागी गेली.

नारायण म्हणाला, मी बावटा उचलला होता, डायवरनं बघितला नाही. दत्ताराम म्हणाला, बावटा वर नव्हताच. झालं! बाकीच्या बायका ढिगाच्या पलीकडे. बघणारं एकच माणूस होतं: ढिगासमोर झोपडीत चहा विकणारी सत्यवती. आणि ही सत्यवती म्हणजे मेलेल्या कमलाक्षीची सख्खी थोरली बहीण.

महिन्याभरानं चौकशीला परप्रांतातला एक साहेब आला. त्याला ना मराठी येत होती ना कोकणी. कंपनीच्या कचेरीत त्यानं सत्यवतीला बोलावलं आणि जबानी कुठल्या भाषेत लिहायची म्हणून कारकुनांना विचारलं. विचारलं कधी, तर राजभाषेचा कायदा होऊन दोन आठवडे झाले होते तेव्हा! भाषेच्या भांडणात रस्त्यावरच्या पाट्यांना फासलेलं डांबर अजून वाळलेलं नव्हतं. एक कारकून म्हणाला, कोकणीतच. दुसरा टेबलावर मूठ आपटून म्हणाला, मराठीतच, पाहू कोण अडवतो. दोघं असे हातघाईवर आले की साहेबानं कान झाकून घेतले. ‘‘इंग्लिश,’’ तो म्हणाला, ‘‘आणि एका पानात.’’ ती बाई मालवणीत बोलणार आणि कागद इंग्रजीत होणार. मग काय, कोणीतरी धावत जाऊन नॉट-मास्तरांना घेऊन आलं.

मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. साहेबाशी चार वाक्यं इंग्रजीत बोलले, साहेब खूश झाला. मग त्यांनी सत्यवतीला म्हटलं, ‘‘सांग बाई, न भिता सांग.’’

सत्यवती चाळिशीची, काटक, डोळे रडून रडून कोरडे झालेली. पण बोलली ती ठामपणे.

‘‘नारायणाक चाय मीच दिलंय, मास्तरांनू. एका हातात गिलास, दुसऱ्या हातात उंडो. उंडो चायेत बुडवून खाय होतो. बावटो काखेत. माज्याकडे सगळे मेळून सात गिलास, गिलास परत व्हयो म्हणान मी तेच्याचकडे बघी होतंय. ट्रक मागे इलो. आमची कमळी मागे होती. नारायणान बावटो उचलूक नाय. बोंबसुद्धा मारूक नाय. ता मी ह्या डोळ्यांनी बघलंय. माजी भयण गेली, पण डायवराचो दोष नाय.’’

मास्तरांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण कागद सरकारी, पान एकच. उंडा पाव, चहा, सात ग्लास असलं काय लिहायचं साहेबाच्या कागदावर? ते सगळं मास्तरांनी गाळून टाकलं. राहिलं मुख्य वाक्य: नारायणनं बावटा उचलला नाही, हे मी बघितलं. बावीस वर्षांच्या सवयीनं मास्तरांच्या हातानं शेवटचा ‘नाही’ उचलला आणि पुढच्या क्रियापदाला नेऊन चिकटवला. आय डिड नॉट सी नारायण रेज द फ्लॅग. वाक्य कसं घोटीव, साहेबी उतरलं! मास्तर स्वतःच त्याच्याकडे दोनदा कौतुकानं बघत राहिले. खाली स्वतःचं नाव घातलं, तर्जुमा करणार गोकुळदास शंभू शेट्ये, आणि झोकदार सही केली.

‘‘मी सांगितलंय ताच लिव्हलास मां?’’ अंगठ्याला शाई लावताना सत्यवतीनं विचारलं.

‘‘शब्दन्‌ शब्द,’’ मास्तर म्हणाले, आणि तेव्हा त्यांना ते खरंच वाटत होतं.

चूक कळली ती जुलैमध्ये. गोवा राज्य झालं होतं, शाळेत लाडू वाटून झाले होते, नववीचा नवा वर्ग बसला होता आणि मास्तर उडी मारून दाखवून घाम पुसत होते. तेवढ्यात शिरगावहून येणारी तेजस्विनी नावाची मुलगी उभी राहिली. ही मुलगी कमी बोलायची, पण बोलली की मास्तरांना उगाच धाकधूक व्हायची.

‘‘सर, हा नियम बघण्यालापण चालतो?’’

‘‘का नाही चालणार?’’

‘‘म्हणजे... वाटण्याचं ठीक आहे सर. येणार नाही असं वाटतं, येईल असं वाटत नाही, एकच झालं. पण त्यानं दार लावलं नाही हे मी बघितलं, आणि त्यानं दार लावलेलं मी बघितलं नाही, हे एक कसं? पहिल्यात मी बघत होते. दुसऱ्यात मी तिथं नसेनसुद्धा.’’ ती जरा अडखळली. ‘‘दुसरं वाक्य आंधळासुद्धा बोलू शकेल, सर. आणि खरंच बोलेल.’’

वर्ग खो खो हसला. मास्तरही हसायला गेले, पण तोंड उघडंच राहिलं. त्यांच्या डोळ्यांपुढे तो कागद उभा राहिला, घोटीव वाक्य, झोकदार सही. ‘‘खाली बस,’’ ते एकदम ओरडले, ‘‘फार शहाणी झालीस! व्याकरण साहेबानं केलंय, तू नाही!’’ मुलगी लाल होऊन खाली बसली. मास्तरांनी खडू ठेवला आणि तास संपायच्या आत वर्गाबाहेर पडले. देवा रे, आपण हे काय करून बसलो!

घरी येऊन त्यांनी दुरुस्तीचा अर्ज लिहिला. आय सॉ दॅट नारायण डिड नॉट रेज द फ्लॅग. ‘नाही’ला परत बावट्यापाशी नेऊन बसवलं. अर्जाची चौपदरी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत जायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी कळलं की साहेब बदलून गेला. तिसऱ्या दिवशी कळलं की कागद पोलिसांकडे गेला. मग मास्तरांनी मनाची समजूत घातली, की कोर्टात सत्यवती तोंडानं सांगेलच की, एका वाक्यानं काय आभाळ कोसळतं? शर्ट धुवायला गेला की अर्ज दुसऱ्या शर्टाच्या खिशात जायचा. असं सोळा महिने चाललं. बायको सुमंगला एकदा म्हणालीच, ‘‘अहो, ह्या कागदाला आता पाय फुटतील. एक तर देऊन तरी या, नाहीतर चुलीत तरी घाला.’’

मास्तरांच्यानं दोन्ही होईना. खरं कारण ते सुमंगलेलाही सांगत नव्हते. नव्या राज्यात इंग्रजीच्या शिक्षकांसाठी शिबिर भरायचं होतं, चाळीस मास्तर जमणार होते, आणि त्यांना शिकवायला नाव निघालं होतं गोकुळदास शेट्ये यांचं. उडी बघायला चाळीस मास्तर! आणि त्याच तोंडानं कोर्टात सांगायचं, की मला बघणं आणि वाटणं यातला फरक नववीतल्या पोरीनं शिकवला? नुसत्या विचारानंच त्यांचे कान गरम व्हायचे.

खटला उभा राहिला अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात. मास्तर रजा टाकून गेले. अर्ज खिशात होताच. तिसऱ्या रांगेत एका लठ्ठ माणसामागं ते अंग चोरून बसले. पिंजऱ्यात दत्ताराम उभा होता. अंगावरचा सदरा सैल झाला होता. त्याची बायको पार्वती भिंतीला टेकून उभी होती आणि सारखी सत्यवतीकडे बघत होती, कारण या कोर्टात तिच्या नवऱ्याच्या बाजूचं म्हणून ते एकच माणूस होतं.

सत्यवतीनं सगळं सांगितलं, जसंच्या तसं. उंडा, ग्लास, काखेतला बावटा. ऐकणाऱ्यांच्या माना हलायला लागल्या. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. आणि मग सरकारी वकील उठला, हातात एकच कागद घेऊन.

‘‘बाई, हा अंगठा तुमचा?’’

‘‘माजो.’’

‘‘यात उंडा कुठंच नाही. चहा नाही. एकवीस महिन्यांनी उंडा कुठून आला?’’

‘‘मी तवाच सांगितलंय.’’

‘‘आणि यात लिहिलंय, नारायणनं बावटा उचललेला मी बघितला नाही. आज म्हणता, उचलला नाही हे मी बघितलं. बघितलं की नाही बघितलं? एक काय ते ठरवा!’’

‘‘बघलंय.’’

‘‘मग तेव्हा नाही का म्हणालात?’’

सत्यवती गोंधळली. कागदाकडे बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, ‘‘मी नाय म्हटलंय ता बावट्याक. डोळ्यांक नाय.’’

काय बोलली ती बाई! मास्तरांच्या अंगावर काटा आला. बावीस वर्षांत त्यांना जे सापडलं नव्हतं ते हिनं एका दमात सांगितलं होतं. पण कोर्टाला ते कळलं नाही. वकील हसला. ‘‘नारायण बावटा उचलत होता तेव्हा बाई चुलीतलं लाकूड सारत असतील,’’ तो म्हणाला, आणि लोकही हसले. मग त्याचा आवाज चढला. ‘‘सख्खी बहीण चाकाखाली मेली आणि ही तिच्याच मरणावर खोटं रचते. कोणासाठी, ते तिलाच ठाऊक!’’

सत्यवतीनं कठडा धरला. ‘‘कागद मास्तरांनी लिव्हलो,’’ ती म्हणाली. ‘‘मास्तरांक इचारा.’’

मॅजिस्ट्रेटनं कागद जवळ घेऊन नाव वाचलं. हा इसम हजर आहे का ते बघा, म्हणाला. पट्टेवाल्यानं दारात जाऊन हाक घातली, ‘‘गोकुळदास शंभू शेट्ये!’’

मास्तरांनी खिशावर हात ठेवला. अर्ज होता. उठायचं, एवढंच करायचं होतं. दुसरी हाक आली. मास्तरांना चाळीस मास्तर दिसले, त्यांचं हसू दिसलं. ऊठ, ते स्वतःला म्हणाले, ऊठ रे गाढवा! तेवढ्यात कठड्यापाशी उभ्या सत्यवतीनं मान वळवली आणि लठ्ठ माणसाच्या खांद्यावरून त्यांना बघितलं. थेट डोळ्यांत बघितलं. तिनं बोट दाखवलं नाही, नाव घेतलं नाही. फक्त बघत राहिली. चेहऱ्यावर इतका विश्वास, की आता मास्तर उठणारच. तिसरी हाक झाली.

मास्तर उठले नाहीत.

‘‘हजर नाही,’’ पट्टेवाला म्हणाला. पुढच्या तारखेला समन्स काढू का, असं मॅजिस्ट्रेटनं विचारलं, तेव्हा दत्तारामचा वकील कागद चाळत नको म्हणाला. लिहिणारा आपल्याच लिहिण्याच्या बाजूनं बोलणार, ही त्याला धास्ती. दत्तारामला दोन वर्षांची शिक्षा झाली. त्याला नेताना पार्वती दारापर्यंत मागोमाग गेली. तिथंच खाली बसली. मास्तर मागच्या दारानं बाहेर पडले.

त्यानंतर गावात सत्यवतीला तोंड वर काढायची सोय राहिली नाही. बहिणीच्या मरणावर खोटं बोललेली बाई! कंपनीनं तिची झोपडी खाणीवरून उठवली. ती शिरगावच्या बसथांब्यापाशी चूल मांडून बसली, तर निम्मी माणसं तिच्या हातचा चहा घेईनात. हे सगळं मास्तरांच्या कानावर यायचं आणि ते विषय बदलायचे.

शेवटी एक दिवस पार्वती त्यांच्या दारात आली. पायरीवर बसली, सुमंगलेनं दिलेलं पाणी प्याली आणि निघून गेली. सुमंगला कधी आवाज न चढवणारी, पण त्या दिवशी भडकली. ‘‘आता तरी जा! लोक हसतील तर हसू देत. त्या बाईनं बहीण घालवून खरं सांगितलं, तुमचं काय जातंय?’’

मास्तर दत्तारामच्या वकिलाकडे गेले. वकिलानं आधी त्यांना मनसोक्त झापलं, मग सांगितलं, ‘‘अपिलाची मुदत उद्या संपते. बाईचा नवा कागद आणा. पण नुसत्या बाईच्या कागदाला कोण विचारतो? वरचं कोर्ट म्हणेल, तेव्हा तर्जुमावाला का आला नाही? तुम्ही कोर्टात होतात, पुकारा झाला, उठला नाहीत, हे त्यात यायला हवं आणि खाली तुमची सही हवी. तसं झालं तर दत्ताराम सुटतो. नाहीतर विसरा.’’

दुपारी मास्तर शिरगावला उतरले. बसथांब्यावर सत्यवती ग्लास विसळत होती. मास्तरांना बघून ती उठली नाही, बसाही म्हणाली नाही. मास्तरांनीच बाकाच्या कोपऱ्यावर बूड टेकलं, कागद काढला, शाईची डबी काढली आणि मान खाली घालून तिला सगळं समजावलं. नारायणचं वाक्य या खेपेला त्यांनी ठाकठीक लिहून आणलं होतं. उंडाही घातला होता, सातही ग्लास घातले होते.

‘‘आजून एक लिवा,’’ सत्यवती म्हणाली. ‘‘कोर्टात मास्तर तिसऱ्या रांगेत होते. तीनदा नाव पुकारल्यानी. मास्तर उठूक नाय. ता मी बघलंय. ह्या लिवा, मगे मी आंगठो देतंय.’’

‘‘ते मी लिहिणारच होतो,’’ मास्तर म्हणाले. वकिलानं सांगितलं होतं तेच तर ती सांगत होती.

त्यांनी पेन टेकवलं. पहिला शब्द लिहिला, दुसरा लिहिला. सवय म्हणा, भीती म्हणा, त्यांचं त्यांनाच माहीत. ‘नाही’नं उडी मारली. सत्यवती डिड नॉट सी द मास्टर स्टँड अप. मास्तरांना ते दिसलं. खोडायला पेन उचललंही. आणि मग त्यांच्या मनात आलं, राहू दे. एवढं एकच वाक्य. हिला कुठं वाचता येतंय? मास्तर उठलेले हिला दिसले नाहीत, म्हणजे गर्दीत दिसले नसतील. मास्तरही वाचले, कागदही झाला. कागद झाला तरी त्यानं दत्ताराम सुटणार नाही, हे त्यांना कळत होतं. कळत होतं आणि तरी त्यांनी डबी उघडून तिच्यापुढे धरली.

सत्यवतीनं अंगठा शाईत बुडवला. कागदावर टेकवायच्या आधी तिचा हात थांबला.

‘‘रवा. एकदा फसलंय. ह्या चेडवाक वाचूक सांगतंय.’’

शाळेची बस येऊन उभी राहिली होती आणि दप्तर सावरत तेजस्विनी उतरत होती. आता दहावीत गेलेली, उंच झालेली. मास्तर कागद उचलायला पुढं झाले. ‘‘अगं, तिला कशाला त्रास,’’ ते म्हणाले, पण सत्यवतीनं डाव्या हातानं कागद तिच्यापुढे सरकवलाही होता.

मुलीनं वाचलं. बावट्याचं वाक्य वाचून तिनं चमकून मास्तरांकडे बघितलं, तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं असणार, सरांनी आपलं ऐकलं. मग ती शेवटच्या ओळीवर आली आणि थांबली. पुन्हा वाचलं.

‘‘काय लिव्हलाहा?’’ सत्यवतीनं विचारलं.

‘‘मास्तर उठलेले सत्यवतीला दिसले नाहीत, असं.’’ मुलीचा आवाज बारीक झाला. ‘‘सर, हे आंधळ्याचं वाक्य आहे.’’

‘‘इंग्रजीत असंच लिहितात,’’ मास्तर म्हणाले.

सत्यवतीनं शाईचा अंगठा पदराला पुसला. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ‘‘माका दिसाक नाय?’’ ती म्हणाली. ‘‘मास्तरांनू, मी बोट केलंय नाय, कित्याक तर मास्तर आपणान उठतले म्हणान. तीन हाकांभर मी तुमच्याकडेच बघी होतंय. पेन ह्या चेडवाक द्या.’’

तेजस्विनीनं दप्तर बाकावर ठेवलं. ती ओळ खोडली आणि त्याखाली, मास्तरांनीच गिरवून घेतलेल्या सुबक अक्षरात, नवी लिहिली. ‘नाही’ जागच्या जागी राहिला. सत्यवतीनं पुन्हा अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला. मग कागद मास्तरांपुढे ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर ग्लास ठेवला आणि पेन ग्लासाशेजारी. सहीची जागा तेवढी कोरी होती.

‘‘करा सर,’’ मुलगी म्हणाली. ‘‘मी शाळेत कुणाला सांगणार नाही.’’

मास्तरांनी पेन उचललं. हातातलं पेन त्यांना इतकं जड कधी लागलं नव्हतं. समोर डिचोलीकडे जाणारी बस येऊन थांबली, कंडक्टरनं दारावर थाप मारली. मास्तरांनी पेन होतं तिथं ठेवलं. ‘‘उद्या येतो,’’ ते म्हणाले, ‘‘उद्या नक्की,’’ आणि बसमध्ये चढले. खिडकीतून त्यांनी मागं बघितलं. ग्लासाखालचा कागद फडफडत होता आणि दोघी बाकापाशी उभ्या होत्या.

तो ‘उद्या’ आला, मास्तर गेले नाहीत आणि मुदत संपली. दत्तारामनं पुरी दोन वर्षं काढली. सुटला तो काठी टेकत गावाकडे गेला, पुन्हा गोव्यात आला नाही. शिबिर झालं, चाळीस मास्तर आले, उडी बघून हसले, टाळ्या पडल्या.

शिरगावच्या थांब्यावर सत्यवती अजून चहा विकते. तो कागद तिनं पिठाच्या डब्यात जपून ठेवलाय. कोणी विचारलं तर काढून दाखवते, कोऱ्या जागेवर बोट ठेवते आणि सांगते, ‘‘हय मास्तरांची सय व्हयी होती. मास्तर सय करूक नाय. मी बघी होतंय.’’